जुने, अल्पधातू तारे सर्पिल दीर्घिकेत कुठे सापडतात? सातारा-सांगलीच्या आकाशनिरीक्षकांसाठी प्रश्नोत्तरे

खगोलशास्त्रात ‘धातू’ कशाला म्हणतात?

हायड्रोजन आणि हीलियम सोडून जे काही उरते ते सगळे धातू. कार्बन धातू, ऑक्सिजनही धातू. रसायनाच्या तासाला हे चुकीचे ठरेल, पण ताऱ्यांच्या हिशेबात ही वाटणी फार सोयीची आहे. महास्फोटातून निघाले ते जवळजवळ फक्त हायड्रोजन आणि हीलियम, लिथियम नावापुरते. बाकी सगळी मूलद्रव्ये नंतर ताऱ्यांच्या पोटात, त्यांच्या स्फोटांत आणि टकरींत तयार झाली. म्हणून एखाद्या ताऱ्यात धातू किती आहेत हे मोजले, की तो ज्या वायूतून जन्मला त्या वायूत आधी किती तारे जगून-मरून गेले होते ते कळते.

किती कमी असले म्हणजे ‘अल्पधातू’?

सूर्याच्या वस्तुमानात धातू सुमारे दीड टक्का आहेत. एक किलो कणकेत १५ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, असे समजा. हा झाला सूर्य.

मोजमाप लोहावरून करतात, कारण दृश्य प्रकाशाच्या वर्णपटात लोहाच्या रेषा सर्वांत जास्त आणि मोजायला सोप्या असतात. ताऱ्यातले लोह-हायड्रोजन गुणोत्तर सूर्याच्या गुणोत्तराशी ताडून पाहतात आणि उत्तर दहाच्या घातांकात लिहितात. शून्य म्हणजे सूर्याइतके. उणे १ म्हणजे दहावा भाग, कणकेत दीड ग्रॅम मीठ. उणे २ म्हणजे शंभरावा भाग, चिमटीत येईल तेवढे. उणे ४ म्हणजे त्या किलोभर कणकेत बारीक मिठाचे वीसपंचवीस कण. साधारणपणे उणे १ च्या खाली अल्पधातू, उणे २ च्या खाली अत्यल्पधातू म्हणतात. उणे ३ च्या खालचे तारे इतके विरळ आहेत, की त्यांच्यासाठी लाखो तारे चाळावे लागतात.

घातांकाच्या या भाषेत नवख्यांची एक चूक नेहमी होते. उणे १ आणि उणे २ यांत ‘एकाचाच फरक’ वाटतो, प्रत्यक्षात तो दहापट असतो.

मग सर्पिल दीर्घिकेत हे तारे नेमके कुठे असतात?

आपली आकाशगंगा हेच उदाहरण घेऊ. तिचे चार भाग वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत.

पातळ तबकडी: आपण इथे राहतो. व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे. सूर्य केंद्रापासून २६ ते २७ हजार प्रकाशवर्षांवर. मधल्या प्रतलापासून वर किंवा खाली सुमारे हजार प्रकाशवर्षे गेलो, की ताऱ्यांची दाटी एक-तृतीयांशाच्या आसपास येते. वायू, धूळ, सर्पिल भुजा, नवे तारे हे सगळे इथेच. खरोखर अल्पधातू तारे इथे फार थोडे.

जाड तबकडी: हिची जाडी पहिलीच्या सुमारे तिप्पट. हा वेगळा भाग आहे हे गिल्मोर आणि रीड यांनी १९८३ मध्ये तारे मोजून दाखवले. इथले तारे जुने, पण धातू फारच कमी असे नाहीत. सरासरी सूर्याच्या पाव भागाच्या आसपास. आपला ओळखीचा स्वाती याच जातीचा वाटतो: लोह सूर्याच्या साधारण एक-तृतीयांश, अंतर ३७ प्रकाशवर्षे, आणि आपल्या तुलनेत सेकंदाला १२० किलोमीटरहून जास्त वेग.

प्रभामंडल: अल्पधातू ताऱ्यांचे खरे घर हे. तबकडीला चहूबाजूंनी वेढणारा, अतिशय विरळ, साधारण गोल पसारा. केंद्रापासून तीन लाख प्रकाशवर्षांच्या पुढेही याचे तारे सापडतात. पण एवढ्या प्रचंड जागेत आकाशगंगेच्या ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानापैकी अवघा एक टक्का. आतल्या भागातल्या ताऱ्यांत लोह सरासरी सूर्याच्या चाळीसाव्या भागाइतके, बाहेर जाऊ तसे शंभराव्या-दीडशेव्या भागापर्यंत उतरते. आकाशगंगेत दीडशेहून अधिक गोलाकार तारकागुच्छ, म्हणजे जुन्या ताऱ्यांचे दाट गोळे, माहीत आहेत. त्यांतले साधारण तीन-चतुर्थांश अल्पधातू आहेत आणि याच पसाऱ्यात फिरतात.

मधला फुगवटा: इथले तारे बहुतेक जुने, पण धातू भरपूर. याबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. ‘कुठे’ या प्रश्नाचे उत्तर ठिकाणापेक्षा कक्षेत जास्त आहे. प्रभामंडलातला तारा आयुष्यभर लांबच बसून राहत नाही. त्याची कक्षा लांबुडकी आणि कललेली असते, तो तबकडीला आरपार छेदून खालच्या बाजूला जातो आणि पुन्हा वर येतो. त्यामुळे आत्ता या क्षणी सूर्याच्या शेजारीही असे तारे आहेत, हजारात एक ते पाच या प्रमाणात. नीरा-कोल्हापूर रस्त्यावर उभे राहून गाड्या पाहाव्यात तसे आहे: बहुतेक गाड्या रस्त्याने जाणाऱ्या, एखादीच आडव्या वाटेने येऊन रस्ता ओलांडणारी. ती ओळखायची ती तिच्या दिशेवरून.

हे तारे तिकडेच का राहिले?

उसाच्या पट्ट्यातल्या वाचकाला हे पटकन समजेल. तोडणी झाली, पाचट रानातच कुजवले, की पुढच्या खोडव्याला जमीन जास्त कसदार मिळते. तबकडीत हेच अब्जावधी वर्षे चालू आहे. जड तारा काही दशलक्ष वर्षांत स्फोट होऊन संपतो, त्याचे धातू आसपासच्या वायूत मिसळतात, त्या वायूतून पुढची पिढी उगवते. वायू टकरा घेत घेत ऊर्जा गमावतो आणि एका प्रतलात येऊन बसतो. म्हणून नवे पीक सतत तबकडीतच निघते.

तारे एकमेकांवर असे आपटत नाहीत. वायू सपाट व्हायच्या आधी जे तारे जन्मले, किंवा बाहेरून आले, ते आपल्या कललेल्या कक्षांवरच फिरत राहिले. प्रभामंडलात थंड, दाट वायू उरलाच नाही. तिथे पाचट नाही, पाणी नाही, दुसरे पीक नाही.

‘बाहेरून आले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. १९६२ मध्ये एगन, लिंडन-बेल आणि सँडेज यांनी मांडले की एकच मोठा ढग झपाट्याने कोसळून आकाशगंगा झाली. १९७८ मध्ये सर्ल आणि झिन यांनी गोलाकार गुच्छांवरून उलट सुचवले: बाहेरचा प्रभामंडल लहान-लहान तुकडे येऊन मिळाल्याने बनला. गाया या युरोपीय उपग्रहाच्या २०१८ च्या मोजमापांनी दुसऱ्या बाजूला मोठे वजन दिले. सूर्याच्या आसपासच्या प्रभामंडलातले पुष्कळ तारे एकाच बटू दीर्घिकेतून आलेले निघाले. तिला गाया-एन्सेलॅडस म्हणतात आणि ती आपल्यात विलीन होऊन सुमारे दहा अब्ज वर्षे झाली. बटू दीर्घिकेत धातू टिकत नाहीत, कारण गुरुत्व कमी असल्याने स्फोटातला माल बाहेर निसटतो. त्यामुळे तिथून आलेले तारेही अल्पधातूच. हे काम अजून थांबलेले नाही. १९९४ मध्ये सापडलेली धनू बटू दीर्घिका आजही आपल्या आकाशगंगेत फाटून मिसळते आहे.

सर्पिल भुजांमध्ये एकही अल्पधातू तारा नसतो का?

असतो, पण तो तिथला रहिवासी नाही. भुजा डोळ्यांत भरतात त्या निळ्या, तरुण, जड ताऱ्यांमुळे.

केंद्राजवळ दीर्घिका आधी तयार झाली म्हणतात. मग तिथे धातू जास्त कसे?

केंद्राजवळ वायू दाट होता. पिढ्या भराभर झाल्या. पहिल्या एक-दोन अब्ज वर्षांतच तिथला वायू इतका समृद्ध झाला, की फुगवट्यातले बहुसंख्य तारे दहा अब्ज वर्षांच्या आसपासचे असूनही त्यांत सूर्याइतके, कधी सूर्याहून जास्त धातू आहेत. सूर्याच्या दहाव्या भागापेक्षा कमी लोह असलेले तारे तिथे थोडेच टक्के.

पण हे थोडेच टक्के फार मोलाचे आहेत. सिद्धान्त सांगतो की अगदी पहिले तारे जिथे पदार्थ सर्वांत दाट होता तिथे जन्मले, म्हणजे आज त्यांचे वंशज केंद्राभोवती असायला हवेत. गायाची २०२२ ची माहिती वापरून याला आधार मिळाला: केंद्राभोवतीच्या काही हजार प्रकाशवर्षांत जुन्या अल्पधातू ताऱ्यांची दाट गर्दी आहे. म्हणजे दूरच्या प्रभामंडलात अल्पधातू ताऱ्यांचे प्रमाण जास्त, आणि केंद्रापाशी प्रमाण कमी पण दर घनप्रकाशवर्षातली संख्या जास्त. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. ‘अल्पधातू तारे फक्त बाहेर असतात’ असे जिथे वाचाल तिथे हा फरक लक्षात ठेवा.

अडचण धुळीची. केंद्राकडे बघताना मधल्या तबकडीची धूळ आडवी येते. धनू राशीत एनजीसी ६५२२ या गुच्छापाशी धूळ तुलनेने विरळ आहे. खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी तिथूनच फुगवट्यातले तारे अभ्यासले, म्हणून त्या जागेला ‘बाडे यांची खिडकी’ म्हणतात.

धातू कमी म्हणजे तारा जुनाच, असे धरून चालायचे का?

नाही. या पानावरून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या. वय आणि धातू यांचे नाते जागेप्रमाणे बदलते. फुगवट्यातला तारा जुना आणि धातुसमृद्ध असू शकतो. उलट तबकडीच्या बाहेरच्या कडेला वायूच कमी समृद्ध आहे, कारण तिथे पिढ्या कमी झाल्या. केंद्रापासून दर ३,२६० प्रकाशवर्षांना लोह साधारण १३ टक्क्यांनी घटत जाते. त्यामुळे कडेला कालपरवा जन्मलेला ताराही सूर्यापेक्षा गरीब निघतो. लहान मॅगेलन मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत तर आजही सूर्याच्या पाचव्या भागाच्या आसपास धातू असलेले नवे तारे जन्मतात.

वय ठरवायला स्वतंत्र पुरावा लागतो. तारकागुच्छ असेल तर काम सोपे: सगळे तारे एकाच अंतरावर, जवळपास एकाच वयाचे, त्यामुळे कोणत्या तेजस्वितेपाशी तारे मुख्य क्रम (गाभ्यातला हायड्रोजन जाळण्याची लांब अवस्था) सोडून फुगीर, राक्षसी अवस्थेकडे वळतात ते पाहतात. गोलाकार गुच्छांची वये यावरूनच ११ ते १३ अब्ज वर्षे निघाली. एकटा तारा असेल तर चूक सहज एक-दोन अब्ज वर्षांची होते.

‘विश्वाहून जुना तारा’ सापडल्याची बातमी खरी होती का?

ती बातमी एचडी १४०२८३ या तूळ राशीतल्या ताऱ्याची. अंतर २०० प्रकाशवर्षे, लोह सूर्याच्या अडीचशेव्या भागाच्या आसपास. २०१३ मध्ये हबल दुर्बिणीने अंतर मोजून वय काढले ते १४.५ अब्ज वर्षे, आणि मोजमापातल्या संभाव्य चुकीची मर्यादा अधिक-उणे ०.८ अब्ज. विश्वाचे वय १३.८ अब्ज. मर्यादा धरली तर विरोध राहत नाही, पण बातम्यांत ती मर्यादा गळाली. नंतरची काही गणिते १२ अब्जांच्या आसपास येतात. ऑक्सिजनचे प्रमाण किंवा धुळीचा अंदाज थोडा बदलला तरी आकडा हलतो.

अगदी पहिल्या पिढीचा, शून्य धातूंचा तारा मिळाला आहे का?

अजून नाही. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या एका ताऱ्यात (एसएमएसएस ०३१३-६७०८) लोहाची एकही रेषा दिसली नाही, म्हणजे लोह सूर्याच्या कोटीव्या भागापेक्षाही कमी. तरी त्यात कार्बन आहे, म्हणजे त्याच्या आधी निदान एक तारा मेलेला आहे. पहिले तारे बहुधा फार जड होते आणि कधीच संपले. सूर्याच्या ०.८ पटीहून हलका एखादा त्या काळी जन्मला असेल तरच तो आज जिवंत असेल.

इतर सर्पिल दीर्घिकांतही असेच असते का?

ढोबळमानाने हो, तपशिलात नाही. जुन्या आणि नव्या ताऱ्यांची विभागणीच मुळात देवयानी दीर्घिकेवरून झाली. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे विझवलेले होते. त्या अंधाराचा फायदा घेऊन बाडे यांनी माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने, तांबड्या प्रकाशाला संवेदनशील प्लेट वापरून, देवयानीचा मधला भाग आणि तिच्या सोबतच्या एम ३२, एनजीसी २०५ या छोट्या दीर्घिका यांचे तारे सुटे केले. १९४४ मध्ये त्यांनी दोन गट मांडले: भुजांतले निळे तारे गट एक, मधले आणि गोलाकार गुच्छांतले तांबडे तारे गट दोन. धातूंचा संबंध नंतर उलगडला. फुगवटाही गट दोनमध्ये टाकला गेला होता, आणि ‘जुने म्हणजे अल्पधातू’ हा गैरसमज काही अंशी तिथून आला.

देवयानीचा आतला प्रभामंडल आपल्यापेक्षा बराच धातुसमृद्ध आहे. तिने मोठे घास जास्त घेतले असावेत. खऱ्या अर्थाने अल्पधातू तारे तिच्यातही बरेच बाहेर गेल्यावर मिळतात. उलट एम १०१ या देखण्या सर्पिलाचा प्रभामंडल आश्चर्य वाटावे इतका क्षीण आहे. कन्या राशीतल्या एम १०४ या दीर्घिकेभोवती मात्र हजाराहून जास्त गोलाकार गुच्छ आहेत.

साताऱ्या-सांगलीतून यातले काय दिसते?

पुष्कळ. आपण उत्तर अक्षांश १७ ते १८ अंशांवर असल्यामुळे आकाशगंगेचे केंद्र ४३ अंश उंच येते. युरोपातल्या निरीक्षकाला ते क्षितिजाला टेकलेले दिसते. खालच्या उंच्या सातारा शहरासाठी आहेत. सांगलीला दक्षिणेकडचे तारे आणखी पाऊण ते एक अंश वर दिसतील.

ओमेगा सेंटॉरी पहिला बघा. नरतुरंगातला हा गुच्छ आकाशगंगेतला सर्वांत मोठा, सुमारे एक कोटी तारे, अंतर १७ हजार प्रकाशवर्षांच्या आसपास. शोधायची खूण पक्की आहे: चित्रा तारा दक्षिणोत्तर रेषेवर आला की त्याच्या सरळ खाली ३६ अंश. हात ताठ धरून मूठ आडवी धरली की १० अंश होतात, म्हणजे साडेतीन मुठींहून थोडे जास्त. २० एप्रिलच्या सुमारास मध्यरात्री आणि २० मेच्या सुमारास रात्री १० वाजता तो सर्वांत उंच, म्हणजे २५ अंशांवर असतो. अंधाऱ्या जागी नुसत्या डोळ्यांना धूसर तारा, १० बाय ५० च्या द्विनेत्रीत कापसाचा गोळा, आणि ८ इंची दुर्बिणीत सगळे दृष्टिक्षेत्र भरून ताऱ्यांची पूड. यातल्या ताऱ्यांत लोहाचे प्रमाण एकसारखे नाही, शंभराव्या भागापासून एक-तृतीयांशापर्यंत पसरलेले आहे. म्हणून तो एखाद्या गिळलेल्या बटू दीर्घिकेचा गाभा असावा असे मानतात.

एम ४ हा गुच्छ सर्वांत सोपा. ज्येष्ठाच्या पश्चिमेला सव्वा अंशावर, उंची ४६ अंश, अंतर फक्त ६ हजार प्रकाशवर्षे. लोह सूर्याच्या बाराव्या-तेराव्या भागाइतके. एम २२ धनूमध्ये, ४८ अंशांवर, लोह पन्नासावा भाग. शौरीतला एम १३ उत्तरेला ७१ अंशांवर, लोह तिसावा भाग.

सर्वांत गरीब हवा असेल तर एम १५ किंवा एम ९२, दोन्हींत लोह सूर्याच्या दोनशेव्या भागाइतके. एम १५ आपल्याला फार सोयीचा. पावसाळा सरतो तेव्हा, २० ऑक्टोबरच्या सुमारास रात्री ८ वाजता, तो जवळजवळ डोक्यावर येतो. महाश्वाच्या नाकाशी असलेल्या एनिफ या ताऱ्यापासून वायव्येला चार अंशांवर बघा.

४७ टुकानी हा प्रसिद्ध गुच्छ मात्र सोडून द्या. साताऱ्यातून तो गणिताने क्षितिजाच्या जेमतेम पाव अंश वर येतो, म्हणजे प्रत्यक्षात दिसत नाही.

गुच्छ नको, एकटा अल्पधातू तारा बघायचा आहे. कोणता?

एचडी १२२५६३: भूतप राशीत, प्रत (तेजाचे माप, आकडा मोठा तितका तारा मंद) ६.२, लोह सूर्याच्या पाचशेव्या भागाइतके. स्वातीपासून एक मूठ दक्षिणेला आणि किंचित पश्चिमेला. नकाशावरचे स्थान: विषुवांश १४ तास २.५ मिनिटे, क्रांती अधिक ९ अंश ४१ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). साध्या द्विनेत्रीत इतका गरीब तारा दुसरा मिळणे कठीण.

एचडी १४०२८३: प्रत ७.२, विषुवांश १५ तास ४३ मिनिटे, क्रांती उणे १० अंश ५६ कला.

कॅप्टेनचा तारा: प्रभामंडलातला आपला सर्वांत जवळचा पाहुणा, १२.८ प्रकाशवर्षे. आकाशगंगेच्या फिरण्याच्या उलट दिशेने जाणारा. क्रांती उणे ४५ अंश, त्यामुळे साताऱ्यातून २७ अंश उंच येतो. १ जानेवारीला रात्री ११, १ फेब्रुवारीला रात्री ९ ची वेळ. प्रत ८.९, त्यामुळे निदान ३ इंची दुर्बीण घ्या. हा तारा वर्षाला ८.७ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकतो. इसवी सन २००० चा नकाशा घेऊन बसलात तर तो साडेतीन कलांहून जास्त हललेला असतो आणि शेजारचाच तारा ‘हाच तो’ म्हणून नोंदला जातो. चालू वर्षाचे स्थान काढूनच जा.

नजरेला हे तिघेही साधे ठिपके दिसतील.

कुठून आणि कधी बघावे? काय बिघडते?

ओमेगासाठी दक्षिण क्षितिज मोकळे आणि काळे हवे. सातारा शहराजवळून महामार्गाचा आणि कराडकडचा उजेड नेमका दक्षिणेलाच पडतो. माण-खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी पट्टा यासाठी उत्तम: हवा कोरडी, वस्ती विरळ. दंडोबाच्या डोंगरावरून मिरजेचा उजेड पश्चिमेला राहतो, दक्षिण-पूर्व बाजू चांगली मिळते. कास पठारावर उंची छान आहे, पण तो संरक्षित भाग आहे, रात्री जाण्याआधी वनखात्याला विचारा आणि झुडपांत तिपाई रोवू नका. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचे तांबडे दिवे आणि वारा, दोन्हींची तयारी ठेवा.

जून ते सप्टेंबर ढगांत जातो, आणि धनू-वृश्चिक नेमके तेव्हाच संध्याकाळी वर असतात. उपाय दोन: एप्रिलअखेरीस पहाटे ५ च्या आधी, किंवा ऑक्टोबरमध्ये अंधार पडल्याबरोबर नैर्ऋत्येला.

गळीत हंगामात पाचट पेटवतात तेव्हा धूर रात्री खाली बसतो. डोक्यावरचे आकाश स्वच्छ वाटते, पण २५ अंशांवर आपण जवळजवळ अडीचपट हवेतून बघत असतो, म्हणून ओमेगासारखी खालची वस्तू आधी जाते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नदीकाठी दव इतके पडते की तासाभरात भिंगावर पाणी धरते. जाड कागदाची नळी भिंगाच्या व्यासाच्या दीडपट लांब करून पुढे लावली तर दोन-तीन तास निभावतात. भिंग पुसू नका.

दुर्बीण केवढी लागेल?

गुच्छ ‘दिसायला’ द्विनेत्री पुरे. तारे सुटे व्हायला ६ इंची आरशाची दुर्बीण आणि १०० ते १५० पट वर्धन. २५ पटीवर गोळा बघून ‘तारे दिसत नाहीत’ म्हणून लोक दुर्बिणीला दोष देतात. वर्धन वाढवा, पार्श्वभूमी काळवंडते आणि कडेचे तारे सुटतात. आरसे जुळवलेले नसतील तर मात्र कितीही वर्धन घ्या, पीठच दिसेल. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटे द्या, आणि त्या वेळात मोबाइल खिशात ठेवा.

घरी वर्णपट काढून धातू मोजता येतील का?

मोजता येणार नाहीत, फरक दाखवता येईल. मिलिमीटरला १०० रेषांची जाळी कॅमेऱ्यापुढे लावून अभिजितच्या हायड्रोजन रेषा सहज मिळतात. अल्पधातू तारे शोधायची मुख्य खूण म्हणजे कॅल्शियमची ३९३.३ नॅनोमीटरवरची रेषा. ती क्षीण असेल तर संशयित सापडला. घोळ असा, की बाजारातल्या साध्या डीएसएलआरची गाळणी साधारण ४०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवते, त्यामुळे नेमकी हीच रेषा चित्रात येत नाही. एकरंगी खगोल कॅमेरा लागतो. तरीही जाळीची विभेदनक्षमता कमी असल्याने लोहाच्या बारीक रेषा सुटणार नाहीत. ते काम हानले किंवा कावलूरसारख्या वेधशाळांतल्या मोठ्या वर्णपटमापकांचे.

शाळा-कॉलेजला झेपणारा प्रकल्प हवा असेल तर आरआर लायरी घ्या. प्रभामंडलात आणि गोलाकार गुच्छांत सापडणाऱ्या एका जातीच्या बदलत्या ताऱ्यांचा हा आदिनमुना, ७.१ ते ८.१ प्रतींमध्ये बदलतो, आवर्तन १३ तास ३६ मिनिटे. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी दर १० मिनिटांनी एक फोटो, शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना. एका रात्रीत पूर्ण आवर्तन मिळत नाही, तीन-चार रात्री जोडाव्या लागतात. शेजारचा तुलनेचा तारा स्वतःच बदलता निवडला तर सगळे वाया जाते, म्हणून किमान दोन तारे धरा. याच जातीच्या ताऱ्यांनी हार्लो शॅप्ले यांना १९१८ मध्ये गुच्छांची अंतरे दिली. गुच्छांची गर्दी धनूकडे आहे हे पाहून त्यांनी आकाशगंगेचे केंद्र तिकडे आहे असे सांगितले.

गायाच्या माहितीतून अल्पधातू तारे स्वतः शोधायचे असतील तर?

माहिती फुकट आहे, इंटरनेट आणि थोडा धीर पुरे. पहिली चाळणी वेगाची लावा.

दर ताऱ्याची निजगती (तारा आकाशात वर्षाला किती सरकतो) आणि लंबन (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती हललेला दिसतो, ज्यावरून अंतर कळते), दोन्ही मिलिआर्कसेकंदात, म्हणजे विकलेच्या हजाराव्या भागात घ्या. निजगती भागिले लंबन, गुणिले ४.७४. उत्तर आडव्या वेगाचे, सेकंदाला किलोमीटरमध्ये. एचडी १४०२८३ साठी निजगती ११५६, लंबन १६.३: उत्तर ३३६. सेकंदाला २०० किलोमीटरच्या वर असलेले तारे बहुतांशी प्रभामंडलातले.

लंबन त्याच्या मोजमापातल्या संभाव्य चुकीच्या किमान दहापट असलेलेच तारे ठेवा. नाहीतर लंबन चुकून लहान आले की वेग फुगतो आणि यादी खोट्या ताऱ्यांनी भरते. सर्वांत जास्त वेळ यातच वाया जातो. मोजमापाच्या जुळणीचा निर्देशांक (यादीत RUWE) १.४ च्या वर असलेले तारेही वगळा, त्यांतले बरेच जोडतारे असतात.

ही चाळणी दोन्हीकडून गळते. कॅप्टेनच्या ताऱ्याचा आडवा वेग १६० च्या आसपास येतो, म्हणून तो यादीतून सुटतो. त्याचा मोठा वेग, सेकंदाला २४५ किलोमीटर, आपल्यापासून सरळ दूर जाण्याचा आहे. दृष्टिरेषेतला (जवळ येण्याचा किंवा दूर जाण्याचा) वेग उपलब्ध असेल तिथे दोन्ही वेगांचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्या. उलट वेगवान पण धातू बरे असलेले तारेही येतात. ते जाड तबकडीतले असून जुन्या टकरीत उसळलेले आहेत. रंग आणि तेजस्वितेचा आलेख काढलात तर दोन समांतर पट्टे दिसतील, निळ्या बाजूचा अल्पधातू आणि तांबड्या बाजूचा उसळलेल्यांचा.

यादीत थेट दिलेला धातूंचा आकडा शेवटी बघा, आधी नाही. मध्ये धूळ असेल तर तारा आहे त्याहून तांबडा दिसतो, तापमान चुकते आणि त्यासोबत धातूही. म्हणून सुरुवात आकाशगंगेच्या पट्ट्यापासून ३० अंशांहून दूरच्या ताऱ्यांपासून करा.